झुंजार झाशीला कधी पोचणार?

पुस्तक हातात घेतलं की संपवूनच खाली ठेवावं, अशी ज्यांची शिस्त आहे त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. पण त्यांच्या घरी राहायला जायचा धीर होत नाही. माझ्या उशाशी सध्या कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे, तिच्यावर नारायण धारपांची एक भयकादंबरी पालथी पडली आहे आणि खिडकीच्या कट्ट्यावर मारुती चितमपल्लींचं ‘पक्षी जाय दिगंतरा’ उघडं आहे. दिवसा पक्षी आणि रात्री भूत, अशी वाटणी मी करून पाहिली. पण मध्यरात्री धारपांच्या वाड्यातलं दार आपोआप किरकिरायला लागलं, की हात नकळत ‘रुचिरा’कडे वळतो. ओगलेबाईंच्या राज्यात सगळं वाटी-चमच्याच्या मापात चालतं. अळूच्या पानांना पीठ लावून, गुंडाळून, वड्या उकडून होईपर्यंत भूत दारातच ताटकळतं आणि या घरात आपलं काही चालायचं नाही हे ओळखून निघून जातं.

खुणेसाठी मी मिळेल तो कागद घालतो. टीएमटीचं तिकीट, औषधांच्या दुकानाचं बिल, बडीशेपेची रिकामी पुडी. त्यामुळे चितमपल्लींच्या अरण्याला आमच्याकडे जेवणानंतरचा वास येतो आणि धारपांच्या सगळ्यात भयंकर पानावर रक्तदाबाच्या गोळ्यांचा हिशेब निघतो. हे बिल तिथं कुणी मुद्दाम घातलेलं नाही, पण त्याला त्याहून योग्य जागा मलाही सुचली नसती.

एका वेळी अनेक पुस्तकं उघडी ठेवण्याचा हा दोष माझा एकट्याचा नसावा, थोडा ठाण्यातल्या आमच्या कोलशेतचाही असावा. खिडकीतून पाहिलं तर एका बाजूला खाडी, खारफुटी आणि पैलतीराला भिवंडी तालुका. अलीकडे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव, हवाई दलाची लांबलचक भिंत आणि जिथं रंग-रसायनांचे कारखाने होते तिथं आता मान दुखेपर्यंत वर पाहायला लावणारे टॉवर. याला ग्रामीण म्हणावं, दर्यावर्दी, औद्योगिक की विज्ञानकथा? सकाळी मासळीची पाटी घेतलेली मावशी आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला मुलगा एकाच रिक्षाची वाट पाहत उभे असतात, आणि रिक्षावाला दोघांनाही सारख्याच अलिप्तपणे नाही म्हणतो. भाद्रपदात तर सगळ्या मजल्यांवरचे गणपती एकाच रस्त्यानं खाडीकडे जातात. अशा ठिकाणी राहून माणसानं एका वेळी एकच काही वाचावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

ठाण्याला या बाबतीत मोठी परंपराही आहे. 1893 साली विनायक लक्ष्मण भावे यांनी इथं मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं, तेव्हा त्यांनी विशीतलाच एक उदार हट्ट धरला होता: मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक इथं असलं पाहिजे. आवडनिवड नाही, सोवळंओवळं नाही. ज्या लेखणीनं ‘महाराष्ट्र सारस्वत’मध्ये संतांची आणि महानुभावांची दखल घेतली, त्याच लेखणीनं नेपोलियनचं चरित्रही लिहिलं. आणि वाङ्मयाशी ज्यांचा फारसा संबंध नाही असे लोक तरी वेगळं काय करतात? 1973 पासून भिंतीवर असलेल्या ‘कालनिर्णय’मध्ये पुढे चतुर्थीचा चंद्रोदय पाहावा, पान उलटावं तर मागे पाककृती आणि आरोग्याचा सल्ला. कुणालाही त्यात विसंगती दिसत नाही.

पण या विद्येत खरी पारंगत होती आमची आजी. माहेर कल्याणचं, तिथल्या 1864 सालच्या सार्वजनिक वाचनालयाचा तिला केवढा अभिमान! सकाळी ज्ञानेश्वरी, दुपारी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या रहस्यकथा आणि दिवेलागणीनंतर गोडसे भटजींचा बंडाच्या काळातला ‘माझा प्रवास’, असा तिचा क्रम असे. पुढे वय झालं, आठवणीचे बांध फुटले आणि एका शेतातलं पाणी दुसऱ्या शेतात शिरू लागलं. एका संध्याकाळी काळजीनं म्हणाली, “अरे, तो झुंजार अजून कसा पोचला नाही झाशीला? भटजी तिकडे बंडात अडकलेत.”

“आजी, झुंजार मुंबईचा गं.”

“मग? भटजी वरसईचे. ते नाही गेले?”

याला उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडे तिच्या आजाराचं नाव होतं. पण ते घरात उच्चारण्यापेक्षा झुंजारला प्रवासाला धाडणं आम्हाला सोपं वाटलं. कधी तो नाशिकला मुक्कामाला असे, कधी ग्वाल्हेरला. आजी विचारी, “जेवला का?” आम्ही सांगायचो, जेवला. मगच ती कूस बदलायची.

ती गेल्यावर मी दोन्ही पुस्तकं चाळली. भटजी होते तिथंच झाशीत, झुंजार होता तिथंच मुंबईत. पानांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. त्यांची गाठ पडली होती ती फक्त आजीपाशी. कपाट पुस्तकांना शेजार देतं, ओळख करून द्यायला मात्र माणूस लागतो. आणि हे काम एकदा अंगावर आलं म्हटल्यावर एकेक पुस्तक शिस्तीनं संपवत बसायला सवड कुठली? आता भाव्यांचा नेपोलियन मिळवायच्या खटपटीत आहे. त्याला कुणाशेजारी ठेवायचं ते आधी ठरवायला हवं. एकटा राहिला, की तो राज्यं जिंकायला निघतो.