बेसूर हवाय, पण अस्सल!

1978 साली आलेल्या प्रॉफेट-5 या सिंथेसायझरला एका वेळी पाचच स्वर झेपायचे. सहावी पट्टी दाबली की आधीच्या एखाद्याचा गळा आवळला जाई. तापलं की वाद्याचा सूर ढळे, म्हणून त्यावर ‘ट्यून’चं खास बटण होतं.

अशा वाद्याची नक्कल संगणकात केली, तर सूर तसूभर हलत नाही. मग रसिकांची तक्रार काय? जरा बेसूर करा! 2020 मध्ये तर नव्या प्रॉफेट-5 वरच ‘व्हिंटेज’ नावाची खुंटी आली. पिळाल तितका बिघाड.

यामाहाचा सीएस-80 हा सिंथेसायझर तर सुमारे 100 किलोंचा. ‘ब्लेड रनर’ चित्रपटाच्या संगीतात संगीतकार व्हँजेलिसने तो भरपूर वापरला. त्याची नक्कल 2003 पासून लॅपटॉपात मावते. मूळ वाद्यात प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा ओळखला जाई. हौशी मंडळींच्या टेबलावरच्या बहुतेक कीबोर्डांना ते जमतच नाही. तरी पुढच्या नकलेची मागणी तयार! हमालीची नक्कल तेवढी कुणी मागत नाही.