अंदाजपंचे

मामांकडून मला वारशात दोन गोष्टी मिळाल्या. टक्कल आणि नारिंगी कॅमेरा. टक्कल तिशीतच हाती आलं, कॅमेऱ्यासाठी पन्नाशी उजाडावी लागली.

मामा बोटीवर इंजिनीअर होते. कॅमेरा म्हणजे निकोनॉस-५, रोलवाला. पाण्याखाली ५० मीटरपर्यंत जातो आणि त्यासाठी त्याला वेगळ्या काचपेटीत बसवावं लागत नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारणारा गडी! मला मात्र पोहता येत नाही. थोडक्यात, कॅमेऱ्याची मर्यादा ५० मीटर, मालकाची कंबर.

घराणं मोठं आहे त्याचं. समुद्राच्या पोटातलं जग पडद्यावर आणणाऱ्या झाक कुस्तोसाठी झाँ द वूटर्स या बेल्जियन तंत्रज्ञानं याच्या पणजोबांचा आराखडा केला. फ्रान्समध्ये तो ‘कॅलिप्सो’ नावानं विकला गेला. कुस्तोच्या जहाजाचंच नाव ते. १९६३ पासून निकॉननं तो निकोनॉस म्हणून बाजारात आणला. आमचं पाचवं अपत्य १९८४ चं. २००१ मध्ये वंश खुंटला. अशा खानदानी जिवाला आमच्या दोन खोल्यांत दिवस काढावे लागतात, याचं मलाच वाईट वाटतं.

त्याची सगळी अब्रू काळ्या रबरी रिंगांवर उभी आहे. लेन्सला एक, मागच्या दाराला एक, आणखी कुठं कुठं. ही रचना मी सौभाग्यवतींना पंधरा मिनिटं समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, “म्हणजे कुकरचं रबर.” रिंग पुसायची, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवायचा, आणि तिच्यावर वाळूचा कण किंवा एखादा केस राहिला तर पाणी आत शिरलंच म्हणून समजायचं. ‘केस’ हा शब्द ऐकताच त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. “हे काम तुम्हीच करा. या घरात तुमच्याइतका सुरक्षित माणूस नाही.”

मग परीक्षा. रोल न घालता कॅमेरा रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. पहाटे आई न्हाणीघरात गेली. “काय भिजत घातलंयस रे? मोड आणायचे तर फडक्यात बांधावं लागतं हो.” मोड आले नाहीत, आत थेंबही गेला नाही.

गुण तरी किती सांगावेत! घड्याळवाल्याकडच्या दोन बटणसेलांवर तो स्वतःच उजेड मोजतो, १/३० ते १/१००० सेकंदातला वेग ठरवतो आणि तो आकडा डोळा लावायच्या खिडकीत लाल अक्षरांत दाखवतो. सेल संपले तरी एम-९० या खुणेवर १/९० सेकंदाचा फोटो निघतोच. साहेब रजेवर गेले तरी एक फाइल इमानानं सरकवणाऱ्या जुन्या शिपायासारखा. लेन्सला दोन्ही बाजूंना कानांसारखी बटणं. एक पिरगाळलं की उजेडाचं भोक लहानमोठं होतं, दुसऱ्यानं अंतर लागतं. आकडे लेन्सच्या तोंडावरच असल्यानं वाचायला त्याचं तोंड आपल्याकडे वळवावं लागतं. तिथं खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन लाल काटे उघडमीट करत असतात. कुठून कुठवर सुस्पष्ट येईल, ते त्यांच्यामधलं अंतर सांगतं.

पण अंतर लावायचं कसं? अंदाजानं! खिडकीतून सगळंच स्वच्छ दिसतं. समोरचा मासा तीन फुटांवर आहे की पाच, हे आपणच ठरवायचं. कॅमेरा मुकाट ऐकतो. माझ्या अंदाजावर इतका विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. मी आणलेलं पडद्याचं कापड खिडकीच्या अर्ध्यावर थांबतं. उलट, आमच्या सौ. मीठ मुठीनं टाकतात आणि ते कधी चुकत नाही.

डिसेंबरात मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला होडी थांबली. लाइफजॅकेट चढवून मी होडीचा दोर घट्ट धरला आणि पाण्यात तोंड खुपसलं. गृहपाठ चोख केला होता. पाण्यात वस्तू असते त्याच्या पाऊणपट अंतरावर दिसते. चार फुटांवरचा मासा तीनच फुटांवर वाटतो. मी कसला फसतोय! दिसे तीन, मी लावी चार. प्रत्येक फोटोआधी डोकं वर काढून तोंडी गणित. होडीवाल्याला राहवेना. “काका, फोटो काढतास काय जमीन मोजतास?”

छत्तीसपैकी अठरा फोटो झाल्यावर मला नाकातोंडात पाणी गेल्याचं निमित्त मिळालं. उरलेला रोल सौभाग्यवतींनी संपवला. त्या पोहतात. गणिताची त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही.

रोल धुऊन आला. माझ्या अठरांत पट्टेरी मासे नव्हते, पट्ट्यांची अफवा होती. त्यांचे अठराच्या अठरा लख्ख.

“तुम्ही अंतर किती लावलंत?”

“दिसलं तेवढं.”

रात्रभर विचार केला तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. अहो, लेन्ससुद्धा त्याच पाण्यातून बघते ना! पाणी जी थाप डोळ्यांना मारतं, तीच लेन्सलाही मारतं. दोघं सारखेच फसले की फोटो बरोबर येतो. मी मात्र दोघांतल्या एकट्यालाच शहाणं करायला निघालो होतो. हे आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर कळावं, म्हणजे जरा उशीरच.

आपल्या अठरांतला एक फोटो सौभाग्यवतींनी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलाय. दोराला लोंबकळणारा मी, वाकलेली मान आणि समोर टक्कल, त्यावर चिकटलेला बुडबुडान्‌बुडबुडा मोजून घ्यावा इतकं सुस्पष्ट. मामांच्या एका वारशानं दुसऱ्याचा काढलेला फोटो.