बाटली नव्हे हो, पोळी!

"अहो वहिनी, कढीपत्ता मग तोडा, आधी इकडे या. इंदूरच्या जावयाचं खरं कारण कळलं."

"पुतणीच्या नवऱ्याचं? लिव्हरचं ना? केवढा हडकला होता दिवाळीत!"

"तोच. एसजीपीटी 120. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. सख्ख्या आईने त्याच्या ऑफिसच्या बॅगेचा वास घेतला म्हणे! तो बिचारा सुपारीसुद्धा खात नाही. हिपॅटायटिस बी झालं, सी झालं, काही सापडेना. मग फॅटी लिव्हर म्हणून तूप बंद. वर्ष गेलं त्यात."

"मग?"

"नव्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, पुरुषमाणसाचं हिमोग्लोबिन 9 कसं? गोळ्या खाऊनही चढत का नाही? टीटीजी म्हणून रक्ताची तपासणी केली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला. सीलिॲक निघाला. गहूच सोसत नाही."

"अगंबाई! पण त्यात जुलाब होतात ना, लहान पोरांना?"

"मोठ्यांत कित्येकदा पोट गप्प बसतं आणि चहाडी लिव्हर करतं. गव्हातल्या ग्लूटेनने लहान आतड्याचं मखमली अस्तर सपाट होतं, नको ते झिरपतं. आणि आतड्यातलं रक्त पहिलं जातं लिव्हरच्याच दारात. पथ्य सुरू होण्याआधी तपासलं तर चौघांत एकाचे तरी आकडे वाढलेले सापडतात."

"औषध काय मग?"

"औषध कुठलं! गहू आणि जव जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, भात चालतो. इंदूरचा माणूस, पोह्यांबरोबरची जिलेबी गेली म्हणून दोन दिवस बोलला नाही कुणाशी. आणि माझी गंमत ऐका. पोळी सोडूनही आकडे अडून बसले. डॉक्टर म्हणाल्या, असेच राहिले तर ऑटोइम्यून हिपॅटायटिस शोधावा लागेल, तोही या दुखण्याच्या जोडीने येतो. शेवटी पुतणीने डबे उपसले. बांधणीचा हिंग, त्यात कणीक. आणि मी हौसेने पाठवलेलं मेतकूट! त्यात मूठभर गहू मीच भाजून घातलेले."

"अरे देवा!"

"मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ते थांबवलं आणि आठ महिन्यांत एसजीपीटी 31."

"आमच्या ह्यांचंही वाढलंय हो. उद्यापासून पोळ्या बंदच करते."

"थांबा, असं करू नका! तपासणीआधी गहू सोडला तर सीलिॲक असूनही रिपोर्ट चांगला येतो. आधी रक्त द्या, पोळीचं मग बघू."

"बरं बाई. सोमवारीच नेते."

"न्या की. पण वहिनी, राग मानू नका. दर शनिवारी तुमच्या गच्चीवर बर्फ वाजतो, तो आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. भावोजींच्या बाबतीत पोळी निर्दोष आहे."