नाताळची बासुंदी

सासूबाई जावयाशी थेट बोलत नाहीत. रागरुसवा काही नाही, रीत आहे. एडिसनला लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या, बाहेर न्यू जर्सीचा डिसेंबर, घरात माणसं मोजून तीन, तरी जावयाला काही सांगायचं असलं की त्या लेकीकडे बघतात आणि म्हणतात, "त्यांना म्हणावं, स्वेटर घाला." ते दोन हातांवर उभे असतात. ऐकतात. घालतात.

तर तेवीस तारखेच्या संध्याकाळी जावयांनी जाहीर केलं की उद्या शेजारच्यांच्या पॉटलकला आपल्याकडून चॉकलेट एगनॉग. घरी केलेलं.

"म्हणजे काय गं?"

"दूधच असतं, आई. कोजागिरीला आपण आटवतो ना, तसंच. फक्त त्यात..." लेक अडखळली.

"अंडं," जावई म्हणाले. आणि खरं बोलायची सवय असल्यामुळे पुढे म्हणाले, "सहा."

सासूबाईंनी विरोध केला नाही, अटी घातल्या. पातेलं वेगळं. डाव वेगळा. गाळणी वेगळी, आणि ती पुन्हा चहाला नाही. फ्रीजमध्ये खालचा कप्पा, वर झाकण. मग त्या ओट्यापासून सहा-सात फुटांवर खुर्ची टाकून, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसल्या. पाठ ओट्याकडे होती एवढंच. कान आणि नाक त्यांनी ओट्यावरच ठेवले होते.

एवढा उपद्व्याप कशाला, दुकानात तयार मिळतं की, असं लेकीचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला अमेरिकेतल्या दुकानांत दुधाच्या शेजारी एगनॉगचे खोके येऊन बसतात आणि नववर्षाला गायब होतात. पण जावई डबा विकत घेण्याआधी त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचणाऱ्यांपैकी आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानुसार विकायच्या एगनॉगमध्ये दुधाची स्निग्धता निदान ६ टक्के आणि अंड्याच्या बलकातला घन भाग निदान १ टक्का लागतो. बलकात निम्मं पाणीच असतं, म्हणजे हिशेब केला तर लिटरभराला सव्वा बलक घातला की कायदा खूश. मग ते एवढं दाट कसं होतं? कित्येक खोक्यांवर उत्तर छापलेलं असतं: ग्वार गम. ग्वार म्हणजे आपली गवार. लहानपणी ताटाच्या कडेला सारून ठेवलेली भाजी साता समुद्रापार नाताळच्या पेल्यात आडवी येते, हे जावयांना सहन झालं नाही.

रमसाठी वेगळी फेरी मारावी लागली. न्यू जर्सीतल्या बहुतेक किराणा दुकानांत दारू मिळत नाही. बाटली घरात आली तेव्हा लेकीने आईला ती "एसेन्ससारखी" असल्याचं सांगितलं. यात दिसतं तेवढं खोटं नाही. अमेरिकेत व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणून जे विकतात, त्यात कायद्यानेच किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं. रममध्ये चाळीसच्या आसपास. उरलेल्या पाच टक्क्यांसाठी आईला कशाला त्रास द्या?

वातावरण हलकं करावं म्हणून जावयांनी एगनॉगचा इतिहास काढला. १८२६ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दारूला सक्त बंदी होती. कॅडेटांनी नाताळच्या एगनॉगसाठी बाहेरून व्हिस्की चोरून आणली, आणि पहाटेपर्यंत खिडक्यांच्या काचा, जिन्याचे कठडे, बशा, काही शाबूत राहिलं नाही. १९ कॅडेटांचं कोर्टमार्शल झालं. जेफरसन डेव्हिस नावाचा एक जण मात्र अधिकाऱ्याने 'खोलीत जा' म्हटल्यावर गेला आणि तिथेच राहिला, म्हणून सुटला. पुढे यादवी युद्धात तोच दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचा राष्ट्राध्यक्ष झाला.

सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांना विचार, एवढं सगळं दुधासाठी?"

सुरुवात बरी झाली. लिटरभर दूध, वाटीभर क्रीम, अर्धी वाटी साखर, चार चमचे कोको. कोको हा माणूसघाणा पदार्थ आहे, गार दुधात टाकला तर गोळे करून वर तरंगत बसतो. तो नीट विरघळतही नाही, बारीक कणांनी दुधात लटकून राहतो. म्हणून आधी साखरेत कोरडा मिसळायचा, मग दोन चमचे गरम दुधात खल करायचा. हे जावयांनी वाचलं होतं. सासूबाईंनी वाचलं नव्हतं, पण डाव भांड्यावर आपटायचा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "गुठळ्या झाल्यात. त्यांना म्हणावं, आधी थोड्या दुधात कालवायचं असतं, पिठल्याचं पीठ कालवतात तसं." वाचलेलं नेमकं तेच जावई विसरले होते.

मग बलक. गरम दूध बलकांत थोडं थोडं घालून त्यांना उष्णतेची ओळख करून द्यायची, आणि ते मिश्रण पातेल्यात परत ओतून मंद आचेवर ढवळायचं. गरम डाव मागून बघायचा, त्यावर बोटाने रेघ ओढायची. रेघ राहिली की झालं. नुसता बलक सत्तर अंशांच्या आसपास आळतो. दूध-साखरेच्या संगतीत त्याला ऐंशीपर्यंत मुभा मिळते. पंच्याऐंशीच्या पुढे गेला की संपलं. सारा खेळ या पाच-सात अंशांचा.

"त्यांना म्हणावं, गॅस बारीक करा."

लेक तेवढ्यात ऑफिसच्या कॉलवर गेली होती. निरोप हवेतच राहिला. शिवाय तो गॅस नव्हताच. ती विजेची शेगडी, तिचं बटण बारीक केलं तरी तवा दोन मिनिटं आपल्या मस्तीत तापलेला राहतो. पातेल्यातून एक मंद उकळीचा बुडबुडा आला, दुसरा आला, आणि मग खोलीभर तो वास पसरला. सासूबाईंनी मागे न बघता निदान केलं.

"फाटलं."

फाटलं नव्हतं, फाटण्याच्याही पलीकडे गेलं होतं. चॉकलेटची भुर्जी झाली होती. जावयांनी खचून न जाता सांगितलं की एगनॉगचा पूर्वज मानला जाणारा इंग्लंडातला 'पॉसेट' असाच असे. मध्ययुगात लोक गरम दुधात एल नावाची बिअर किंवा वाइन ओतून ते मुद्दाम फाडत आणि थंडीतापाला देत. म्हणजे पदार्थ बिघडला नसून पाचएकशे वर्षं मागे गेला होता. हे पटवून घ्यायला खोलीत कुणी तयार नव्हतं.

कॉल संपवून आलेल्या लेकीमार्फत एक प्रस्ताव आला. "त्यांना म्हणावं, कस्टर्ड पावडर आहे डब्यात. चमचाभर घाला, अंड्याला हात लावायला नको." प्रस्ताव वरवर भाबडा, पण त्याला आधार पक्का होता. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली ही पावडर काढली ती बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणूनच. महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांत पाहुण्यांना जे पिवळंधमक फ्रूट कस्टर्ड वाढतात, ते एका इंग्रज नवऱ्याच्या काळजीचं फळ आहे. जावई विरघळले, पण नमले नाहीत. बलकाशिवाय एगनॉग म्हणजे शेंगदाण्याशिवाय दाण्याची आमटी.

मग कच्चीच घालून टाका ना, कटकट संपली, असं लेक म्हणाली. यावरही जावयांकडे माहिती होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रेबेका लान्सफिल्ड नावाच्या मोठ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचे गट आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. त्या कच्च्या अंड्यांचं, भरपूर दारूचं एगनॉग थँक्सगिव्हिंगच्या आधी करून ठेवत आणि नाताळला काढत. त्यांच्या मागे सहकारी व्हिन्सेंट फिशेटी यांनी तसंच एगनॉग करून त्यात मुद्दाम साल्मोनेला सोडले. तीन आठवड्यांनी तपासलं तर एकही जिवंत नाही.

"मुरलं म्हणजे," सासूबाई पहिल्यांदाच अर्धवट वळल्या. लोणच्याचं शास्त्र जगात सगळीकडे एकच असतं हे ऐकून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "पण त्यांना म्हणावं, पॉटलक उद्या आहे."

दुसरी खेप. पुन्हा सहा बलक, आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एका वाडग्यात आता बारा अंड्यांचं पांढरं. यावेळी थर्मामीटर होता. ७१ अंश म्हणजे सरकारी हिशेबाने जंतूंचा निकाल. साठ. पासष्ट. जावई आकडा बघण्यात गुंगले आणि डाव थांबला.

"अहो, हात हलवा!"

खोलीत शांतता. लेक दारात थिजली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि सासूबाई जावयांशी पहिलं वाक्य बोलल्या होत्या. बोलून झाल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं, पण आता माघार नव्हती. "तळाला घासून फिरवा. असा नाही, आठच्या आकड्यात. कडेचं आत आणा. आता उचला! खाली घ्या, शेगडीवर ठेवू नका." त्या उभ्या होत्या. सहा फुटांचे साडेतीन झाले होते. पन्नास वर्षं बासुंदी आटवलेला हात पदराआडून हवेत फिरत होता आणि त्याच्या तालावर जावयांचा डाव चालला होता.

डावावर रेघ राहिली.

गाळून त्यात शंभर ग्रॅम काळं चॉकलेट विरघळवलं, निवल्यावर रम घातली (तेव्हा सासूबाई आपणहून देवघराकडे गेल्या), आणि शेवटी जायफळ. हा मात्र त्यांचा प्रांत. अमेरिकेत पेल्यावर जायफळाची धूळ भुरभुरवतात. त्या सहाण घेऊन बसल्या. श्रीखंडात, पुरणात, लग्नाच्या पंगतीनंतरच्या कॉफीत जायफळ घालणाऱ्या माणसाला किती हे कुणी विचारू नये. बॅगेतून आणलेलं कोकणातलं जायफळ सहा वळसे उगाळून त्यांनी चमचा वरूनच, पातेल्याला न लागता, झटकला.

पॉटलकहून पातेलं रिकामं आलं. शेजारीणबाईंनी खरवडून घेतलं म्हणे. पांढऱ्याचं वाडगं मात्र भरलेलंच होतं, आणि जावई एकतीस तारखेपर्यंत पिवळ्याविना ऑम्लेट खाणार हे स्पष्ट झालं होतं.

पंचवीसला सकाळी सासूबाईंचा सांगलीच्या बहिणीला फोन चालला होता. "अगं, नाताळची बासुंदी. आमच्या जावयांनी केली. हो, मी सांगत होते ना शेजारी बसून. लिटरभर दूध घे. कोको आधी साखरेत कालवून घे. जायफळ हवंच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सासूबाईंनी ओट्याकडे एकवार पाहिलं. तिथे जावई निमूटपणे अंड्याचं पातेलं घासत होते.

"दाट कशाने येतं?" त्या म्हणाल्या. "ढवळायचं गं. हात थांबवायचा नाही."