पगाराला नोटीस पीरियड किती?

मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब,


पत्र जानेफळहून लिहितोय. तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. सुट्टीवर आलोय, आणि माझ्याबरोबर माझा पगारही सुट्टीवर आहे.

गेल्या मंगळवारी एकाच दुपारी आपले दोन ईमेल आले. पहिल्यात निळीशार पृथ्वी, तिच्यावरून झेपावणारं आपलं विमान आणि घोषणा : आपली प्रादेशिक कंपनी आता परदेशात उडणार! दुसरा चार ओळींचा. रोखीच्या तात्पुरत्या अडचणीमुळे वैमानिकांचा पगार टप्प्याटप्प्याने जमा होईल, सहकार्याबद्दल आगाऊ आभार. आगाऊ मिळालं ते एवढंच. दोन्हींखाली सही आपलीच.

तेव्हा सर्वप्रथम अभिनंदन. परदेशी उडायचं तर ताफ्यात वीस विमानं लागतात, हा 2016 च्या विमान वाहतूक धोरणाचा नियम आम्हालाही पाठ आहे. त्याआधी पाच वर्षं देशात उडल्याचीही अट होती. ती चुकवायला किंगफिशरने 2007 मध्ये एअर डेक्कनच घेऊन टाकली आणि सप्टेंबर 2008 मध्ये बंगळूर-लंडन सुरू केलं. ऑक्टोबर 2012 मध्ये सगळी विमानं जमिनीवर आणि कर्मचारी पगारासाठी रस्त्यावर. अनुकरणासाठी उदाहरण उत्तम निवडलंत.

जेट एअरवेजचं तर विचारूच नका. 2007 मध्ये 1,450 कोटींना एअर सहारा घेतली. ऑक्टोबर 2008 मध्ये सुमारे 1,900 जणांना घरी बसवायचं ठरलं. ती पोरंपोरी राज ठाकऱ्यांच्या दारात गेली, गाजावाजा झाला, मग सगळ्यांना परत घेतलं. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेलं विमान शेवटचं ठरलं. तोवर वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली. जेटमधून आलेले एक सीनियर कॅप्टन आपल्याकडे आहेत. आपला पहिला ईमेल पाहून ते एवढंच म्हणाले, "पृथ्वीचं चित्र आलं का? मग आता किराणा भरून ठेवा."

किराण्याचंच सांगतो. इथल्या दुकानदाराला म्हटलं, या महिन्याचं लिहून ठेवा. तो हसायलाच लागला. "काऊन थट्टा करता बाप्पा? इमान उडवता अन् उधारी मांगता?" वडिलांनी शेत तारण ठेवून माझ्या लायसन्ससाठी आणि टाइप रेटिंगसाठी कर्ज काढलं, त्याचा हप्ता पाच तारखेला जातो. हप्ता चुकला तेव्हा बँकेतून फोन माझ्याआधी वडिलांना. मजुराचा रोज बुडाला तर गाव हळहळतं. पायलटचा पगार बुडाला यावर इथे कुणाचा विश्वासच बसत नाही. खोटं बोलायचीही सोय ठेवली नाहीत तुम्ही; खरं सांगितलं तरी ते खोटंच वाटतं.

तरी एक वेळ उशीर समजून घेतला असता. चीड वेगळ्याच गोष्टीची आहे.

मी कॅप्टन. विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या 2017 च्या नियमाप्रमाणे मला नोकरी सोडायची तर बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. माझ्या शेजारच्या सीटवरच्या को-पायलटला सहा महिन्यांची. आम्ही नोटीस न देता गेलो आणि विमानं रद्द झाली तर ते लोकहिताविरुद्धचं कृत्य. मान्य. प्रवाशाला अडकवू नये, हे मलाही पटतं. पण साहेब, माझा पगार थांबवायला आपल्याला किती दिवसांची नोटीस लागते? दुपारी तीनचा ईमेल, आणि त्याच संध्याकाळी पाचची फ्लाइट घ्यायला मी हजर! हे कुणाच्या हिताचं कृत्य?

आमच्याकडे गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. वर्षभर त्याने दुसऱ्याच्या बांधावर जायचं नाही. पण साल ठरवतानाच मालक त्याच्या हातावर उचल ठेवतो, आणि ठरलेलं धान्य, पैसे दिले नाहीत तर चार माणसं मालकालाच बोलावून विचारतात. तुम्ही साल बांधून घेतलंत, उचल दिलीच नाही. उलट ट्रेनिंगच्या नावाने बॉण्ड लिहून घेतलात, मधेच सोडलं तर पैसे मीच भरायचे. वडील शेती करतात. त्यांना हा करार समजावून सांगितला तर त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे पैसे कोण कोणाले द्यायचे?"

आणि परदेशी मार्गासाठी जी दोन मोठी विमानं आणताय, ती म्हणे वैमानिकांसकट भाड्याने. त्यांचे वैमानिक डॉलरमध्ये पगार घेणार आणि वेळेवर घेणार, कारण तो मिळाला नाही तर त्यांचा मालक विमान हलू देणार नाही. म्हणजे पगार वेळेवर देणं आपल्याला जमतं. फक्त माणूस परका हवा.

बाकीच्या तक्रारी एका दमात उरकतो. आमच्या तासांचं घड्याळ विमानाच्या चाकाखालचा ठोकळा निघाल्यापासून चालतं. धुक्यात टर्मिनलवर बसलेले तास आमच्या खात्यात नाहीत. इंधन वाचवा म्हणून मे महिन्यात एटीआरचं इंजिन थांब्यावर बंद करायला लावता. जमिनीवर एसी चालवणारं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, नसलेल्या त्या विमानात चेकलिस्टचा कागद घामाने बोटाला चिकटतो. आणि परदेशी मार्गाला स्लॉट हवा म्हणून एका लहान गावची सकाळची फ्लाइट काढून घेतलीत, तीच जी कायम भरलेली असायची. आमच्या अमरावती विभागाला बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान मिळायला 16 एप्रिल 2025 उजाडावा लागला. अकोल्याची धावपट्टी अजून लांबीसाठी ताटकळतेय. एका फ्लाइटची किंमत आम्हाला विचारा.

आता एक गोष्ट, जी मला लिहायची नव्हती. कंपनीच्या पहिल्या पावसाळ्यात एका छोट्या विमानतळावर शिडीपाशी छत्र्या कमी पडल्या, तेव्हा तुम्ही स्वतः पँट दुमडून एकेका म्हातारीला छत्रीतून टर्मिनलपर्यंत सोडत होता. कॉकपिटच्या काचेतून मी पाहत होतो. को-पायलटला म्हटलं, या माणसासाठी कितीही सेक्टर उडवीन. त्या माणसाचं आज काय चाललंय, तेही कळतं मला. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये, तिकीट मात्र रुपयात; आणि भाडं थकलं तर विमान उचलून न्यायची सोय 2025 च्या कायद्याने विमान भाड्याने देणाऱ्यांना पक्की करून दिली. डॉलरचं देणं फेडायला डॉलर कमवायला निघालात. झोप तुमचीही उडाली असणार.

पण म्हणून आमचे पैसे? विमानवाल्याचं थकलं तर तो विमान नेतो. तेलवाल्याचं थकलं तर तो टँकर परत फिरवतो. तुमच्या घेणेकऱ्यांमध्ये थांबायला लावता येतो असा एकच उरला : आम्ही. तुमच्या विस्ताराला पहिलं कर्ज कोणत्याही बँकेने दिलं नाही, आम्ही दिलं. बिनव्याजी, बिनतारण आणि आम्हाला न विचारता! लाज वाटायला हवी साहेब. शेअर मिळाले का आम्हाला? त्या पृथ्वीच्या चित्रात कुठे आमचं नाव आहे?

तेव्हा मागणी साधी आहे. नोटीस तुम्हालाही लागू करा. पुढच्या वर्षी या महिन्यात पगार उशिरा होणार असेल तर आजच कळवा, बारा महिने आधी, लेखी, तुमच्या सहीने. मी बाराही महिने उडवीन, एकही फ्लाइट रद्द होऊ देणार नाही. तसं कळवता येत नसेल, तर दर महिन्याच्या एक तारखेला पगार खात्यात टाका आणि मग खुशाल लंडनला जा.

आपला,
(बॉण्ड संपेपर्यंत)
एक कॅप्टन
जानेफळ