एकदाच काय ते चांगलं

आमचे थोरले साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. घरात लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ‘एकदाच काय ते चांगलं घ्यावं, पुन्हा बघायला नको’ या पंथाचे ते कट्टर अनुयायी. या पंथाची माणसं तुमच्याही घरात असतील. दुकानात शिरल्यावर ती आधी किंमत विचारत नाहीत, ‘किती वर्षं जाईल?’ असं विचारतात. दुकानदार ‘दहा वर्षं बघायला नको’ म्हणाला की मुलीचं स्थळ पक्कं झाल्यासारखं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरतं. मग किमतीला वर्षांनी भागायचं, त्याला पुन्हा 365 ने भागायचं आणि उरलेल्या आकड्यात चहा किती बसतात ते पाहायचं.

2019 च्या दसऱ्याला आप्पांनी 1,64,990 रुपयांचा लॅपटॉप घेतला. दहा वर्षांच्या हिशेबाने रोजचे 45 रुपये 20 पैसे.

“अमृततुल्यचे चार चहा,” आप्पा म्हणाले. “आणि चहा प्यायला की संपतो.”

एवढा लॅपटॉप कशासाठी, हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती, पण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पा घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. गुहागरजवळच्या मूळ गावापासून पार न्यू जर्सीपर्यंत पसरलेली माणसं, त्यांच्या जन्मतारखा, सोयरिकी, दत्तक गेलेले, घर सोडून गेलेले, असं सगळं एका फाइलमध्ये भरायचं होतं. हे काम कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर झालं असतं. पण सात पिढ्या तीस हजारांच्या यंत्रात कोंबणं आप्पांना प्रशस्त वाटलं नाही.

खरेदीआधी ते दुकानात तीनदा जाऊन आले. विक्रेत्या पोराने झाकण एका बोटाने उघडून दाखवलं. आप्पांनी ते वीस वेळा उघडमीट करून पाहिलं. घरी आल्यावर हळदकुंकू झालं, आणि आप्पांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या ताईंनी, जुन्या खणाची खोळ शिवली. पडद्यावरची प्लॅस्टिकची फिल्म पहिला लॉकडाउन उठेपर्यंत निघाली नाही. आणखी एक नियम होता: लॅपटॉप मांडीवर घ्यायचा नाही. मांडीची ऊब त्याला सोसत नाही असं आप्पांचं मत. त्यामुळे तो सदैव डायनिंग टेबलावर असे आणि जेवणारे इतरत्र.

कौतुकाच्या त्या दिवसांत आप्पा लॅपटॉपवर बोलायला लागले की हमखास धरणांवर जात. “टिकाऊ काम म्हणजे काय? इंग्रजांनी बांधलेलं खडकवासला बघा. दीडशे वर्षं होत आली, अजून पुण्याला पाणी पाजतंय.” मी मान डोलवायचो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं होतं आणि पुन्हा बांधावं लागलं, हे मला माहीत आहे. त्यांना तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण पाटबंधाऱ्याच्या माणसासमोर पानशेतचं नाव काढायचं नसतं.

एक वर्षाची मूळ वॉरंटी आणि दोन वर्षांची विकत घेतलेली, असं सगळं मिळून तीन वर्षांचं कवच 2022 च्या ऑक्टोबरात संपलं. जानेवारीत आप्पांचं डायनिंग टेबल डुगडुगायला लागलं. निदान आप्पांना तसं वाटलं. टाइप करताना लॅपटॉप डावी-उजवीकडे झुलायचा, म्हणून त्यांनी टेबलाच्या एका पायाखाली लग्नपत्रिका दुमडून घातली. मग दुसऱ्या पायाखाली. तिसऱ्या पायापर्यंत आल्यावर ताई म्हणाल्या, “अहो, ताट ठेवलं की हलत नाही. हेच हलतंय.”

लॅपटॉप उलटा केला तर त्याला पोट सुटलेलं. आतली बॅटरी फुगली होती. लिथियमच्या बॅटरीत वय झालं की रसायनं बिघडून वायू धरतो. ती सदानकदा चार्जरला लावून शंभर टक्क्यांवर ठेवली आणि आतून तापत राहिली तर लवकरच. आप्पांनी तीन वर्षं चार्जर काढला नव्हता. “बॅटरी वापरली तर झिजेल ना,” हे त्यांचं तर्कशास्त्र. बॅटरीने आतून टचपॅडही वर ढकललं होतं, त्यामुळे उजवीकडचं क्लिक बंद झालं होतं. पत्रिकांचा उपयोग एवढाच झाला, की त्यातली एक कुलवृत्तांतात राहून गेलेली निघाली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात डावं बिजागर गेलं. पातळ, देखण्या लॅपटॉपची ही जुनी व्यथा. बिजागर घट्ट, आणि त्याचे स्क्रू ज्या पितळी नळ्यांत बसतात त्या नळ्या मात्र प्लॅस्टिकात रुतवलेल्या. रोजच्या उघडमिटीने त्या उपटून निघतात. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने जॉबशीटवर लिहिलं, ‘फिजिकल डॅमेज’. आप्पा तिथे वीस मिनिटं थांबून त्याला समजावत होते, की झाकण उघडणं ही दुखापत नसून वापर आहे. मुलगा नम्र होता. त्याने ऐकून घेतलं आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

तेव्हापासून झाकणाच्या मागे वरवंटा आला. ताईंच्या सासूबाईंचा, पन्नास वर्षांत ज्याला काही झालं नाही असा. एका बाजूने तो टेकवला की पडदा सरळ उभा राहतो.

दुसरा कुणी असता तर इथे शिव्या घालून मोकळा झाला असता. आप्पा वाचायला लागले. 1924 मध्ये जिनिव्हात बड्या बल्ब-कंपन्यांनी एक संगनमत केलं, बल्ब 1000 तासांहून जास्त टिकू द्यायचा नाही असं ठरवलं आणि जास्त टिकाऊ बल्ब बनवणाऱ्याला दंड लावला, ही फीबस नावाच्या कटाची गोष्ट ते बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही सांगू लागले. ॲपलच्या 2015 पासूनच्या एका पातळ कीबोर्डात बारीक कण गेला तरी बटणं अडकत, कंपनीला 2018 मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि 2022 मध्ये अमेरिकेत 5 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, हेही त्यांना पाठ होतं. आप्पांचा लॅपटॉप त्या कंपनीचा नव्हे. पण श्रीमंताच्या घरीही दुधात माशी पडते, हे कळल्यावर माणसाला जरा बरं वाटतं.

ग्राहक मंचाचंही झालं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, हे समजल्यावर आप्पांना उत्साह आला. तक्रारीचा मसुदा त्यांनी त्याच लॅपटॉपवर, वरवंट्याच्या आधाराने, तीन रात्री बसून केला. पहिलं पान सुंदर उतरलं होतं. दुसऱ्या पानावर गाडी अडली. ‘सदर वस्तू सदोष असून’ एवढं लिहून कर्सर नुसता लुकलुकत होता.

मी म्हटलं, “आप्पा, पुढे?”

“सदोष हा शब्द जरा जास्त होतो,” आप्पा म्हणाले. “लोक विचारतील, सदोष होता तर घेतलात कसा?”

मसुदा तिथेच राहिला. लॅपटॉप वाईट निघाला हे आप्पांना सहज मान्य होतं. आपली निवड वाईट निघाली हे सरकारी शिक्क्यासकट कुणाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. माझ्या मते ही माणसं यंत्राला एवढे पैसे देतच नाहीत. ‘मी सांगितलं होतं’ असं पुढे कधीतरी म्हणायचा हक्क ती आगाऊ विकत घेतात, आणि त्या हक्काला वॉरंटी नसते.

18 मार्च 2024 ला लॅपटॉप चालूच होईना. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, बोर्ड गेला. रॅम आणि साठवणुकीची चिप, दोन्ही बोर्डावरच झाळलेल्या, त्यामुळे बदलायचा तर अख्खा बोर्ड. 78,000 रुपये आणि जीएसटी वेगळा. आतल्या फाइली? त्या जुन्या बोर्डाबरोबर गेल्या म्हणायच्या. “सर, बॅकअप असेल ना?”

आप्पांनी बॅकअप घेतला नव्हता. दुसरीकडे प्रत ठेवायची म्हणजे या लॅपटॉपवर अविश्वास दाखवणं. गुहागरपासून न्यू जर्सीपर्यंतची सगळी माणसं, दत्तक आणि परागंदा धरून, एका हिरव्या पट्टीवर अडकून पडली. छापील प्रत फक्त चौथ्या पिढीपर्यंतची होती. म्हणजे आप्पांचाच जन्म झालेला नव्हता.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले, पाणी प्यायले आणि बराच वेळ गप्प बसले. मग खिशातून चिठ्ठी काढून म्हणाले, “1623 दिवस. रोजचे 101 रुपये 66 पैसे.” जरा थांबून म्हणाले, “रोज एक आहेर केला हो त्याला.”

मी त्यांना पुण्यातल्या तपकीर गल्लीत नेलं. त्या गल्लीत तीन फूट रुंदीच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून बसलेला एक पोरगा आहे. त्याने बोर्ड काढला, मीटरची टोकं टेकवून पाहिली, कुठलासा भाग तापतोय का ते बोटाने चाचपलं आणि म्हणाला, “कपॅसिटर शॉर्ट आहे काका. चिपलेव्हल काम आहे. साडेतीन हजार.” तांदळाच्या कणीहून लहान असा तो कपॅसिटर. दोन दिवसांनी पडदा उजळला. सात पिढ्या होत्या तशा परत आल्या.

मला वाटलं, आता तरी आप्पा त्या पोराचं कौतुक करतील. आप्पांनी लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली. “बघितलंत? एवढं झालं तरी उठला. क्वालिटी लपत नाही.”

इथे मला माझ्या लॅपटॉपचा उल्लेख करावा लागतो, जो मी त्यांच्यासमोर शक्यतो टाळतो. 2020 मध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी मी त्याच गल्लीतून 24,000 रुपयांत एक रिफर्बिश्ड घेतला. कुठल्यातरी कंपनीच्या लॉटमधून निघालेला. मालमत्तेचं स्टिकर अजून खाली चिकटलेलं आहे. जाड, काळा, पुरणाच्या पाट्यासारखा जड. पण खालचे स्क्रू काढले की रॅम, डिस्क, पंखा सगळं हाताला लागतं. आप्पा त्याला ‘ते तुमचं’ म्हणतात.

‘ते तुमचं’ला पाच वर्षांत काही झालं नाही, आणि मग जे झालं त्याने आप्पांचा जीव शांत झाला. 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 ला सुरक्षेचे अपडेट नेहमीसारखे मिळणार नाहीत, आणि माझा प्रोसेसर जुना म्हणून विंडोज 11 घेता येणार नाही, अशी सूचना माझ्या पडद्यावर येऊ लागली. धडधाकट माणसाला घरबसल्या मृत्यूचा दाखला यावा तसं.

“आमचा अकराला चालतो,” आप्पा म्हणाले. “आधीच सांगितलं होतं, एकदाच काय ते चांगलं घ्यावं.”

2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता. आम्ही सोनं द्यायला गेलो तेव्हा लॅपटॉप पाटावर मांडला होता. बिजागर मोडल्याने झाकण मिटत नव्हतं, म्हणून उघडाच, मागे वरवंटा. ताईंनी वरवंट्यालाही झेंडू वाहिला होता. आप्पांनी चिठ्ठी काढली. “2186 दिवस. 75 रुपये 48 पैशांवर आला. 2029 पर्यंत चालला की 45.”

“दुरुस्ती धरून?”

“दुरुस्ती महसुली खर्चात जाते. हा भांडवली हिशेब आहे.” चाळीस वर्षांची नोकरी बोलली.

ताई चहा ठेवायला आत गेल्या. आप्पांनी खुर्ची जवळ ओढली.

“ते तुमचं. बॅटरी बाहेरून निघते म्हणालात ना?”

“हो. एक खटका सरकवला की हातात येते.”

“आणि तो पोरगा अजून तसे ठेवतो?”

“ठेवतो की. जरा अलीकडचे, अकरा चालणारेही असतात. कुणाला हवाय?”

आप्पांनी आपट्याचं पान दोन बोटांत फिरवलं. “नाही, आपलं सहज. आमच्या कामवाल्या बाईंच्या मुलाला हवा होता. कॉलेजात गेलाय.”

“त्यांना दोन्ही मुलीच आहेत,” आतून ताई म्हणाल्या.