पॉइंट चाळीस

इतर खेळांतली प्रगती शेजाऱ्यांनाही कळते. क्रिकेटवाल्याची प्रगती तर थेट त्यांच्या खिडकीच्या काचेवरच येऊन आदळते. जलतरणपटूची प्रगती मात्र दशांश चिन्हाच्या उजवीकडे होते आणि तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. आमची कन्या नववीत आहे, शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहते. गेल्या मोसमात ती ‘पॉइंट चाळीस’ सेकंदांनी सुधारली. मी ही बातमी एका लग्नाच्या पंगतीत छाती फुगवून सांगितली, तेव्हा मावशी काळजीने म्हणाल्या, “पॉइंट चाळीस? हिमोग्लोबिन का रे?”

तसं आमच्या घराण्याला पाणी नवीन नाही. माझ्या वडिलांना पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकललं होतं. माझ्या वेळी बिंडा जाऊन पत्र्याचा डबा आला, ढकलणं तेच राहिलं. विहिरीच्या परीक्षेत निकाल दोनच, वर आला किंवा नाही आला. इभ्रत सगळी मुटक्यावर. काठावरची माणसं जितकी भिजतील तितका पोहणारा थोर. आमचे वडील या विद्येत पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. ते पहिल्यांदा नातीचा सराव बघायला आले आणि सर ओरडले, “पाणी उडवू नकोस! आवाज येता कामा नये!” एका वाक्यात वडिलांची उभी कारकीर्द बाद झाली.

सरांचं मात्र खरं आहे. पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट घन. वेग दुप्पट करायला जावं तर ते ढोबळमानाने चौपट अडवतं. त्यामुळे नुसती ताकद लावणारा पोहणारा पाण्याशी भांडत बसतो आणि अंग चोरून जाणारा पुढे निघून जातो. ही अंग चोरण्याची कला म्हणजे ‘स्ट्रीमलाइन’. हातावर हात, दंड कानांमागे, हनुवटी आत, पोट आत. कन्या याचा सराव घरी करते, आणि तोही नेमका स्वयंपाकघराच्या दारात, फोडणीच्या वेळी.

सगळ्यात वेगाचा क्षण सूर मारल्यावर आणि भिंतीला पाय देऊन सुटल्यावर असतो, पोहताना नसतो. डेव्हिड बर्कॉफ या अमेरिकनाने हे ओळखलं होतं. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो बॅकस्ट्रोकच्या शर्यतीची पहिली लांबी बरीचशी पाण्याखालूनच गेला. सुवर्ण मिळालं जपानच्या दाइची सुझुकीला, पण तोही काही कमी बुडी मारणारा नव्हता. पुढे आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने नियमच केला आणि आता बॅकस्ट्रोकमध्ये पंधरा मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, “बुडी मारून लांब निघायचा खेळ आमच्या विहिरीत रोज व्हायचा. ऑलिंपिकवाले आमच्याकडे फिरकले नाहीत, एवढंच.”

ब्रेस्टस्ट्रोकचे नियम आणखी सोवळे. वळताना आणि शेवटी दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत. एका शालेय स्पर्धेत घाईघाईत कन्येचा एक हात आधी लागला आणि पोहून दमलेल्या पोरीच्या नावापुढे ‘डीक्यू’ लागलं. बाद! मी नियमावली उघडून पंचांशी वाद घालण्याच्या बेतात होतो. आजीने मला बसवलं आणि नातीला म्हणाली, “अगं, एका हाताने केलेला नमस्कार देवही घेत नाही.” सरांना हे इतकं आवडलं की आता सगळी बॅच ‘नमस्कार’ म्हणतच भिंत गाठते.

आणि पॉइंट चाळीस आले कुठून? पंचवीस मीटरच्या तलावात शंभर मीटरला तीन वळणं. दर वळणाला एखाद-दुसरा दशांश वाचला की झालं. त्या आधीचे कित्येक महिने मात्र काहीच वाचत नव्हतं. पोरीची उंची वाढली, हातपाय कुठे संपतात ते तिचं तिलाच कळेना, टायमिंग उलट वाढलं. घरात बदाम भिजले, अंडी उकडली, एका काकांनी अश्वगंधा पाठवली. सरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी तिला पोहायला न लावता फक्त भिंतीशी वळायला लावलं, कंटाळा येईपर्यंत आणि मग कंटाळा जाईपर्यंत. माझ्या मते सुधारणेतला बराचसा वाटा त्या कंटाळ्याचा आहे. बदामांचा नाही, हे बायकोसमोर बोलण्याची सोय नाही.

“पोहून पुढे काय?” या प्रश्नाला मी कोल्हापूरच्या वीरधवल खाड्यांचं उदाहरण देतो. 2008 साली बीजिंग ऑलिंपिक, 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्य, पोहण्यात भारताला तब्बल चोवीस वर्षांनी मिळालेलं पदक. पुढे राज्य सरकारने त्यांना तहसीलदार केलं. ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहतं ते फक्त शेवटचं वाक्य. पहाटे पाचला आजी आता “उठा तहसीलदार, पाणी तापलंय” अशी हाक मारते. तलावाचं पाणी मात्र तापलेलं नसतं.

राहता राहिलो आम्ही पालक. शर्यत सुरू झाली की गॅलरीतला प्रत्येक बाप मोबाइलवर घड्याळ लावतो आणि प्रत्येकाच्या घड्याळात त्याचंच मूल पुढे असतं. शिट्टी ऐकून बोट दाबेपर्यंत माणसाचे साधारण पॉइंट वीस सेकंद जातात. शेवटी लेकराचा हात भिंतीपाशी दिसताच मायेपोटी बोट जरा आधीच पडतं. म्हणजे पोरांनी वर्षभर घाम गाळून कमावलेल्या सुधारणेइतकी सुधारणा आम्ही बसल्या जागी अंगठ्याने करतो. तेव्हा पालकहो, विनंती एवढीच: मोबाइल पिशवीत टाका आणि डबा बाहेर काढा. पाण्याबाहेर आलेल्या पोराला “किती आलं?” असं विचारू नका, तो आकडा सर सांगतीलच. पराठे मात्र चार जास्त घ्या. शेजारच्या लेनमधली पोरंही येतात, आणि खाण्यात कुणाचाच डीक्यू होत नाही.